खोली मालकाची, ताबा भाडेकरूचा

ओझरला मुक्कामाची सोय विचारली, तर समोरचा माणूस भक्तनिवासाकडे बोट दाखवतो. विघ्नहराच्या दर्शनाला आलेला भाविक एक रात्र राहतो, पावती घेतो आणि सकाळी लेण्याद्रीच्या वाटेला लागतो. भाडेकायद्याचा आणि त्याचा काही संबंध येत नाही. संबंध येतो तो इथे पोटापाण्यासाठी येणाऱ्यांचा. बदली होऊन आलेली शिक्षिका, पतसंस्थेतला कारकून, प्रसादाच्या दुकानात काम करणारे कुटुंब, टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारासाठी येऊन राहणारे व्यापारी आणि हमाल हे सगळे कुणाच्या तरी घरामागच्या दोन खोल्यांत किंवा नव्याने स्लॅब टाकलेल्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. व्यवहार बहुतेक वेळा ओट्यावर बसून, चहा पिता पिता ठरतो. एवढे डिपॉझिट, एवढे भाडे, लाइटबिल वेगळे, आणि ‘राहा निवांत, कागदबिगद कशाला?’ बिनसले की तेच वाक्य उलटे होते: ‘कागद आहे का तुमच्याकडे? मग उद्या खोली खाली करा.’ कागद नसेल तर हक्कही नाही, असे मालक आणि भाडेकरू दोघेही मनोमन धरून चालतात. दोघांचीही समजूत चुकीची आहे. भाडेकरूचा सर्वांत मोठा हक्क कागदावर अवलंबूनच नाही. कागद लागतो तो बाकीच्या हक्कांसाठी, आणि त्याची गरज भाडेकरूपेक्षा मालकाला जास्त असते.

आधी कोणता कायदा लागू होतो ते पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी राज्यात तीन तऱ्हा होत्या. पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडेकायदा, विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. नव्या कायद्याने तिन्ही गुंडाळून एक केले. पण तो राज्यातल्या प्रत्येक गल्लीबोळाला आपोआप लागू होत नाही. परिशिष्टांत नमूद केलेली क्षेत्रे आणि जुने कायदे जिथे लागू होते ती क्षेत्रे, असा त्याचा आवाका आहे. सरकार अधिसूचना काढून तो वाढवू शकते. जुन्नरसारख्या नगरपरिषदेच्या शहराला जे लागू ते ओझरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावाला लागू असेलच असे गृहीत धरता येत नाही. ते तपासून घ्यावे लागते. आता यावरून कुणी म्हणेल, खेड्यात भाडेकायदा नाही म्हणजे मालकाची मर्जी हाच कायदा. तसे मुळीच नाही. जिथे भाडे नियंत्रण नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम असतोच. त्याच्या कलम १०६ नुसार, वेगळा करार नसेल तर राहण्यासाठी दिलेल्या घराचे भाडे महिन्यागणिक समजले जाते आणि ते संपवायला पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कलम १०८ नुसार भाडे वेळेवर भरणाऱ्याला मुदतभर विनाअडथळा राहू देणे हे मालकाचे कर्तव्य करारात न लिहिताही गृहीत असते. तोंडी व्यवहारालाही हे लागू आहे.

नोटीस दिली, पंधरा दिवस उलटले आणि भाडेकरू हलला नाही, तर काय? इथे गावातली सर्वांत रुजलेली समजूत आडवी येते: घर माझे, कुलूप माझे. कायदा इथे मालकी आणि ताबा यांत भेद करतो. मालकीची नोंद सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असते. ताबा प्रत्यक्ष राहणाऱ्याचा असतो. हा ताबा राहणाऱ्याच्या संमतीशिवाय आणि कायद्याच्या मार्गाशिवाय काढून घेतला, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ नुसार तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. या दाव्यात घर कुणाच्या मालकीचे हा प्रश्नच कोर्ट पाहत नाही. ताबा कुणाचा होता आणि तो जबरदस्तीने घेतला का, एवढेच पाहते. मालकी सिद्ध करायचा मालकाचा वेगळा हक्क शाबूत राहतो, पण तो त्याने वेगळ्या दाव्यात वापरायचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये याहून पुढची पायरी गाठली. परवान्याची मुदत संपलेल्या, म्हणजे राहण्याचा हक्कच उरला नाही असे मानले तरी स्थिर ताबा असलेल्या माणसाला मालक स्वतःच्या बळावर बाहेर काढू शकत नाही, त्यालाही कोर्टाचीच वाट धरावी लागते, असे त्या निकालाचे तत्त्व आहे. सामान बाहेर फेकणे, दाराला दुसरे कुलूप घालणे, चार पोरे आणून दमदाटी करणे ही कामे मालकीहक्कात बसत नाहीत. प्रसंगी फौजदारी गुन्ह्यात बसतात. तेव्हा ‘कागद आहे का?’ या प्रश्नाला खरे उत्तर ‘ताबा आहे’ हे आहे.

यावर मालकांचा आक्षेप ठरलेला आणि तो समजून घेण्यासारखा आहे. असे असेल तर भाडेकरू कधी जाणारच नाही, उद्या घर त्याचेच होईल, ही ती भीती. तिची मुळे शोधायला जुन्नर-आंबेगावात लांब जावे लागत नाही. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन इथल्या घराघराच्या आठवणीत आहेत. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. कुणाच्या आजोबांना त्यामुळे जमीन मिळाली, कुणाच्या आजोबांची गेली. पीकपाहणीत किंवा इतर हक्कांत दुसऱ्याचे नाव लागले की रान हातचे जाते, हा धडा त्या काळातल्या जमीनदारांनी गिरवला आणि पुढच्या पिढीला दिला. म्हणून आजही खोली भाड्याने देणारा ‘तुमचं नाव कुठं लागायला नको’ असे म्हणत कागद टाळतो. पण कूळ म्हणजे भाडेकरू नव्हे. कूळकायदा शेतजमिनीचा आहे. राहत्या घराच्या भाडेकरूला घर विकत घेण्याचा असा कोणताही हक्क कुठलाच कायदा देत नाही. ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे’ हीदेखील अशीच एक ऐकीव गोष्ट. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे बळकावलेल्या ताब्याचा आहे. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीने असतो, आणि ज्याच्याकडून घर घेतले त्याची मालकी भाडेकरूला तो भाडेकरू असेपर्यंत नाकारता येत नाही, हा पुराव्याच्या कायद्यातला जुना नियम आहे. मग परवानगीने राहतो हे सिद्ध कशाने होणार? भाडेकराराने. कुळाच्या धास्तीने मालक जो कागद टाळतो, तोच त्याच्या मालकीचा पहारेकरी असतो.

शहरातल्या मालकांची भीती वेगळ्या घटनेतून आली आणि तिने ‘अकरा महिने’ हा शब्द जन्माला घातला नसला तरी घट्ट केला. मुंबई भाडेकायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्यावर, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर, राहणाऱ्यांना संरक्षित भाडेकरूंचा दर्जा मिळाला. रातोरात पाहुण्याचा घरभाऊ झाला. त्याच्या जोडीला गोठवलेली भाडी होतीच. १९४० च्या सुमाराला बांधलेली ती भाडी पन्नास वर्षांनी इतकी हास्यास्पद झाली, की सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये ती तरतूद मनमानी ठरत असल्याचे म्हटले. १९९९ च्या कायद्याला हे निमित्त झाले. नव्या कायद्याने तराजू बराच मालकाकडे झुकवला, हे मालकांना अजून माहीत नाही याची गंमत वाटते. कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या परवान्याची मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर मालक दिवाणी कोर्टाच्या लांब रांगेत न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तिथे समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते, लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतरच्या राहण्याला परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई लागते. ‘भाडेकरू कधीच जात नाही’ ही तक्रार १९७३ सालची आहे. मात्र हा झटपट मार्ग लेखी परवान्यासाठी आहे. ओट्यावरच्या चहाच्या कपात तो सापडत नाही.

भाडेकरूनेही इथे एक फरक नीट समजून घ्यावा. भाडेपट्टा आणि लिव्ह अँड लायसन्स या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भाडेपट्ट्यात घरात हितसंबंध निर्माण होतो. परवान्यात, सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे, फक्त वापरायची मुभा मिळते. कागदावर ‘परवाना’ लिहिले म्हणून तो परवाना ठरत नाही. दोघांचा खरा हेतू आणि वस्तुस्थिती पाहायची, हे सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्सच्या १९५९ च्या निकालात सांगितले आहे. तरीही स्पष्ट शब्दांत लिहिलेल्या नोंदणीकृत परवान्याला पुढे भाडेपट्टा म्हणून सिद्ध करणे अवघड जाते. ज्याला पाच-सहा वर्षे राहायचे आहे, पोरांची शाळा इथेच आहे, त्याने अकरा महिन्यांवर समाधान मानायचे कारण नाही. अकरा हा आकडा कायद्याने सांगितलेला नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून नोंदणी चुकवायला निघालेली ती पळवाट आहे, आणि महाराष्ट्रात जिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथे ती पळवाटही आता उरलेली नाही.

उरली नाही, कारण भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५. भाड्याने किंवा परवान्याने जागा देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा असे ते सांगते, मुदत अकरा महिने असो वा अकरा दिवस. नोंदणीची जबाबदारी ते मालकावर टाकते. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून धारदार तरतूद पुढे आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. भाडे चार हजार ठरले होते की सहा, डिपॉझिट किती दिले, किती वर्षांसाठी दिले, या सगळ्यात पहिला शब्द भाडेकरूचा. ज्या मालकाला वाटते की कागद नसल्याने भाडेकरू अडचणीत येतो, त्याने हे कलम एकदा वाचावे. आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा लाल शिक्का मारलेला कागद बाजारात सर्रास चालतो, पण नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. खर्चाचे म्हणाल तर तोही बागुलबुवाच आहे. लिव्ह अँड लायसन्सवर महिना चार हजार भाडे, दहा हजार डिपॉझिट, अकरा महिने असे धरा. एकूण भाडे ४४,००० रुपये, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून साधारण ९१७ रुपये, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे ११२ रुपये. ते शंभराच्या पटीत वर नेले तरी दोनशे. ग्रामीण भागात नोंदणी शुल्क पाचशे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे घरबसल्या ऑनलाइनही होते. एजंट लावला तर त्याची फी वेगळी. एका संकष्टीला प्रसादाच्या दुकानात याहून जास्त उलाढाल होते.

‘गाव आहे, इथे माणूस माणसाला ओळखतो, कागद मागितला तर अविश्वास दाखवल्यासारखे होईल,’ हा आक्षेप उरतो, आणि मला तो सगळ्यांत जास्त पटण्यासारखा वाटतो. भाडेकरू मालकाला काका म्हणतो, मालकाच्या घरची भाजी भाडेकरूच्या ताटात येते, आजारपणात तीच माणसे धावतात. हे खोटे नाही. पण ओळख ज्यांच्याशी असते ती माणसे बदलतात. घर देणारे काका वारले की वाटण्या होतात, वरचा मजला पुण्यात राहणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतो आणि त्याला तोंडी ठरलेले काही माहीत नसते. किंवा माहीत नसल्याचे तो सांगतो. डिपॉझिट कुणी परत करायचे इथपासून वाद सुरू होतो. महाराष्ट्रात डिपॉझिटला कमाल मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे ते किती, कधी आणि कोणत्या कपातीनंतर परत मिळणार हे लिहिलेले असण्याला महत्त्व येते. मोबाइलवर अधूनमधून फिरणारा ‘आता फक्त दोन महिन्यांचेच डिपॉझिट’ हा निरोप केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडेकरार कायद्यातून उचललेला असतो. तो नमुना आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो कुणाला बांधत नाही. करार नसलेल्यांनी निदान पैसे रोख देणे थांबवावे. बँकेतून किंवा यूपीआयने दिलेल्या भाड्याची नोंद कुणाला पुसता येत नाही, आणि भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या क्षेत्रात पावती देणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. मालक मुद्दाम भाडे घ्यायचे टाळत असेल, म्हणजे उद्या थकबाकीदार ठरवता येईल, तर मनीऑर्डर करून परत आलेली पोच जपावी. त्या कायद्यात थकबाकीसाठी दावा लावण्याआधी लेखी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते, आणि दाव्याच्या समन्सनंतर नव्वद दिवसांत सगळी थकबाकी पंधरा टक्के व्याज व खर्चासह कोर्टात भरली तर घर वाचते. ग्रामीण भागात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ११४ अशीच सवलत कोर्टाच्या हाती देते.

भांडण मात्र क्वचितच कोर्टात सुरू होते. ते मोटारीच्या बटणापासून आणि मीटरपासून सुरू होते. मालकाला घालवायचे असले की पाणी बंद होते, लाइट जाते, संडासाला कुलूप लागते. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ नेमके हेच रोखते: पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सांडपाणी यांसारख्या आवश्यक सेवा मालकाने पुरेशा कारणाशिवाय तोडायच्या नाहीत, तोडल्यास कोर्ट त्या पुन्हा सुरू करायला लावते. विजेबाबत तर कायदा गावोगाव सारखाच आहे. विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ४३ जागेच्या मालकाच्या ‘किंवा भोगवटादाराच्या’ मागणीवर वीज द्यायला सांगते. मालक ना हरकत दाखला देत नाही म्हणून भाडेकरूला जोडणी नाकारता येणार नाही. अर्जदार जागेत राहतो का एवढेच वीज कंपनीने पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले. दुरुस्तीबाबत कायदा थोडा हात आखडता घेतो. गळके छत मालकाने दुरुस्त करायचे, नोटीस देऊनही केले नाही तर भाडेकरूने करून खर्च भाड्यातून कापायचा, ही सोय दोन्ही कायद्यांत आहे. पण भाडे नियंत्रण कायद्यात त्याला मर्यादा आहे आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ती दुरुस्ती मालकाचे कर्तव्य होती हे आधी दाखवावे लागते. म्हणून पावसाळ्यापूर्वी, रंग आणि गळती कुणाची हे करारात एका ओळीत लिहून घ्यावे. भाडेकरूनेही आपली बाजू सांभाळावी: लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम, पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव ही घर खाली करून मागायची कायदेशीर कारणे आहेत.

कायद्यात एक मोठी उणीव आहे ती झाकून चालणार नाही. घर कुणाला द्यायचे, हे तो जवळजवळ पूर्णपणे मालकावर सोडतो. आडनाव विचारून, ‘एकट्या बाईला देत नाही’ म्हणून, मांसाहाराचे निमित्त करून नकार दिला, तर दारातून परत गेलेल्या माणसाला हाताशी घेण्याजोगे फारसे काही नाही. उंबरा ओलांडून राहायला लागल्यानंतर मात्र चित्र बदलते; अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला तिच्या जागेतून बेकायदा हुसकावणे किंवा तिथल्या पाण्यावरच्या हक्कात ढवळाढवळ करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण उंबऱ्याआधीचा नकार कायद्याच्या नजरेतून निसटतोच.

ओझरमधल्या भाडेकरूसाठी दाद मागायची जागा पुण्यात नाही, तालुक्याच्या गावीच आहे. जुन्नरच्या दिवाणी न्यायालयात असे दावे चालतात. आंबेगावकरांसाठी घोडेगाव आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा. पोलिसांत जायचे तर तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. भाडेकरूच्या माहितीचा जो फॉर्म मालकाने ठाण्यात दिला असेल, तो करार नसला तरी तुम्ही तिथे राहत होता याचा पुरावा आहे. गॅसची पावती, पोरांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, दवाखान्याची चिठ्ठी, भाड्याचे यूपीआयचे निरोप, कुलूप लागलेल्या दाराचा फोटो हे सगळे एका पिशवीत ठेवा आणि वेळ घालवू नका. मध्यस्थी करणारे ‘सण होऊ द्या, मग बघू’ म्हणतील. कलम ६ च्या दाव्याचे सहा महिने ताबा गेल्याच्या दिवसापासून मोजले जातात.